आधी रंगवलेली शेवटची ओळ

थांबा हो, कुठं निघालात? मघापासून त्या फाटकावरच्या पाटीकडे मान वाकडी करून बघत होतात ना? सगळेच बघतात. वरची ओळ हत्तीएवढी आणि खालची ओळ मुंगीएवढी, रंगवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर होतं का, असंच आलं ना मनात? टेका इथं कट्ट्यावर जरा. ज्यानं ती पाटी रंगवली त्या पेंटरची गोष्ट सांगतो. अर्धी मी डोळ्यांनी पाहिलीय आणि अर्धी त्याच्या बायकोकडून ऐकलीय, म्हणजे दुसरी अर्धी तर जास्तच पक्की.

तर पेंटर. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याचं त्यालाच आठवत नसेल. बायकोसुद्धा हाक मारते ती "अहो पेंटर!" अशीच. माणूस उंच, हडकुळा, कानाच्या पाळीवर कायम कुठल्यातरी रंगाचा ठिपका. बायको म्हणायची, आज काय रंगवून आलात ते मला विचारावं लागत नाही, कान बघितला की कळतं.

हात मात्र असा की दोरी लाजावी. दुकानं, दवाखाने, शाळा, "कुत्र्यापासून सावध", सगळ्या पाट्या याच्या. पण गंमत काय, हा पाट्या रंगवायचा, वाचायचा नाही. चौथीतनं शाळा सुटलेली, त्यानंतर अक्षरांशी जी ओळख झाली ती ब्रशातनं. "क" चं पोट किती फुगवायचं, "ळ" ला किती जागा द्यायची, सगळं तळहातावर. शब्द काय बनतोय त्याच्याशी याला देणंघेणं नाही. एकदा एका दातांच्या डॉक्टरची पाटी यानं चार दिवस बसून रंगवली, आणि आठवड्यानं दाढ ठणकायला लागली तेव्हा बायकोला विचारतो, "अगं, जवळपास कोणी दातवाला आहे का?"

आणि त्याची एक पद्धत होती. ती नीट ऐका, सगळं घोडं तिथंच अडलं. पाटीवर चार ओळी असल्या तर हा पहिल्या ओळीपासून सुरू करायचा नाही. ज्या ओळीत अक्षरं सगळ्यात जास्त, ती आधी. मग ती मधली असो की शेवटची. त्याच्या उस्तादानं शिकवलेलं, लांब ओळ मावली की सगळं मावलं. मग ज्या ओळी आखूड, त्यांची अक्षरं मोठी करून ताणायची, म्हणजे दोन्ही कडांपर्यंत पाटी कशी भरलेली दिसते. तीस वर्षं असंच केलं, कोणाची तक्रार नाही.

आता ही चर्चची पाटी. दर तीन-चार महिन्यांनी पेंटर ती पांढरी करायचा आणि पाळकबाई नवं वचन द्यायच्या. पाळकबाई म्हणजे या चर्चच्या धर्मगुरू. बुटक्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, स्कूटर अशी चालवायच्या की समोरचा माणूस आपोआप देवाचं नाव घेईल. शास्त्रातलं वचन त्या स्वतःच्या सोप्या शब्दांत उतरवून द्यायच्या, रस्त्यावरच्या माणसाला कळावं म्हणून.

त्या खेपेला कागद देताना म्हणाल्या, "पेंटर, शास्त्रातली ही अवघड जागा आहे बरं. लोक हिला घाबरतात आणि मला येऊन विचारत नाहीत. घरात एकटेच कुढत बसतात. म्हणून मुद्दाम पाटीवर लावतेय. येतील तरी विचारायला."

"बरं," पेंटर म्हणाला, आणि कागदावर बोट ठेवून अक्षरं मोजायला लागला. वाचलं काहीच नाही. बाई चार दिवसांच्या सभेला परगावी निघून गेल्या.

मंगळवारची सकाळ. पांढरा रंग सुकलेला. पेंटरनं दोरीला खडू लावून रेषा मारल्या, हात हलू नये म्हणून मनगटाखाली काठी धरली, निळ्या रंगात ब्रश बुडवला. चार ओळींत सगळ्यात लांब निघाली शेवटची. तीच धरली. दुपारपर्यंत एकटी ती ओळ पाटीच्या तळाशी झाली, वरचं सगळं पांढरंफेक.

मग तो नेहमीसारखा दहा पावलं मागं गेला, एक डोळा मिटला, ओळ कुठं कलतेय का ते बघायला. एरवी आजूबाजूला इतकी अक्षरं असायची की नजर भिरभिरायची. त्या दिवशी नजरेला जायला दुसरी जागाच नव्हती. आणि पेंटरनं, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःची पाटी वाचली.

"त्याला क्षमा नाही, या जगात नाही आणि पुढच्या जगातही नाही."

"अरे बाप रे," पेंटर म्हणाला, "कोणाला?"

खिशातला कागद काढला. शेवटच्या ओळीच्या वरची ओळ वाचली. "पण पवित्र आत्म्याचं काम जो सैतानाचं म्हणेल."

तिच्याही वर दोन ओळी होत्या कागदावर. पण त्या कोण बघतो! पेंटरची नजर तिथं जी रुतली ती रुतलीच. हातातला ब्रश बुटावर टपकत राहिला, निळा.

कारण त्यानं ते म्हटलं होतं. अगदी तेच. देवाचं काम सैतानाचं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, सगळे त्याला बाटली म्हणायचे. का म्हणायचे ते सांगायला नको. पेंटर आणि बाटली ही जोडी तेव्हा एकत्रच बसायची, एकत्रच पडायची. एक दिवस बाटली कोणाच्या तरी नादानं प्रार्थनेला गेला, आणि परत आला तो प्यायचा बंद झाला. एक महिना, दोन महिने. घरात कोणाचा विश्वास बसेना. मग सासूबाईंकडे सगळं गोत जेवायला जमलं असताना बाटली उभा राहिला आणि रडत रडत म्हणाला, "मला देवानं सोडवलं."

पेंटरचा तर जोडीदारच गेला होता. जिव्हारी लागलेलं. तो ग्लास वर धरून म्हणाला, "देव कसला! सैतानानंच सोडलाय याला. त्यालासुद्धा कंटाळा आला असेल!"

वीस माणसं खो खो हसली. पेंटरला इतकं भारी वाटलं की पुढं तीन लग्नांत आणि एका बारशात त्यानं तोच विनोद सांगितला.

पुढं काळ फिरला. पाच वर्षांनी पेंटर स्वतःच त्या चर्चमध्ये जाऊन बसायला लागला. त्याची दारू सुटली, बायकोच्या चेहऱ्यावर तेज आलं, सगळं छान झालं. त्या जुन्या विनोदाची आठवण कधी झालीच नाही. आणि आता हे, निळ्या रंगात, त्याच्याच हातानं लिहिलेलं.

त्यानं डबे बंद केले, शिडी खांद्यावर मारली आणि घर गाठलं. पाटी तशीच. एकच ओळ.

आता एरवी याचा जीव दोन-चार दिवस घाबरा झाला असता आणि मग निवळलं असतं. पण त्या रविवारी त्याच्या नातीचा बाप्तिस्मा होता. लेकीचं पहिलं बाळ. लेकीनं हट्टानं ठरवलेलं की बाळाला हातात घेऊन पुढं उभे राहतील ते बाबाच, आणि सगळ्या मंडळीसमोर "माझा विश्वास आहे, मी या बाळाला विश्वासात वाढवीन" असं म्हणतील तेही बाबाच. पेंटरनं महिनाभर आरशासमोर ते वाक्य घोकलं होतं. आणि आता तो स्वतःच्या हातांकडे बघत बसला. ज्याला दोन्ही जगांत क्षमा नाही त्याचे हात हे. यांत ते पोर कसं धरायचं?

संध्याकाळी लेक बाळाला घेऊन आली, झबलं दाखवायला. पांढरंशुभ्र.

पेंटर भिंतीकडे बघून म्हणाला, "पोरी, माझं रविवारचं जमेलसं दिसत नाही. पाठ धरलीय."

"पाठ?" बायको आतून ओरडली. "दुपारी वीस फुटी शिडी खांद्यावरनं आणलीत की! तेव्हा पाठ कुठं गेली होती, सासरी?"

"तेव्हाच धरली."

"कुठं दुखतंय, दाखवा."

पेंटरनं कंबर दाखवली.

"ही कंबर आहे."

लेकीनं झबल्याची घडी घातली, ती विस्कटली, परत घातली. मग म्हणाली, "तुम्हाला नसेल उभं राहायचं तर तसं सांगा बाबा. पाठीला कशाला मध्ये घेता? मी आमच्या सासऱ्यांना सांगते. ते तयारच आहेत."

व्याह्याचं नाव निघालं की पेंटरच्या कानापर्यंत आग जायची. व्याही सगळ्या फोटोत मधोमध उभा राहणारा माणूस. पण त्या दिवशी पेंटर नुसता "बरं" म्हणाला. तेव्हा बायको बाहेर आली, त्याच्याकडे नीट बघितलं आणि गप्प झाली. बायको गप्प झाली म्हणजे मामला गंभीर.

इकडे पाटीनं वेगळाच धुमाकूळ घातला.

या फाटकासमोर, आत्ता तुम्ही बघताय ना, कायम सायकली लागायच्या. आठ-आठ, दहा-दहा. बाईंनी विनंती करून झाली, दोरी बांधून झाली, एकदा तर स्वतः सायकली उचलून पलीकडे ठेवून झाल्या. ढिम्म. आणि बुधवारी सकाळी लोक येऊन बघतात तर फाटकाच्या बरोब्बर वर, कोऱ्या पाटीवर एकच ओळ. त्याला क्षमा नाही, या जगात नाही आणि पुढच्या जगातही नाही.

दुपारपर्यंत फाटक मोकळं! एक सायकल नाही. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक, चष्मेवाला, तावातावानं सांगत होता, "अहो, दंड करा, हवा सोडा, समजू शकतो. पण पुढच्या जगातही नाही? सायकल लावली म्हणून? एवढं काय!"

गुरुवारी कोणीतरी चर्चच्या पायरीवर गाण्यांची तीन पुस्तकं गुपचूप ठेवून गेलं. नऊ वर्षांपूर्वी हरवलेली. एक आजोबा शेजारणीकडे गेले आणि तिच्या कुंड्या आपणच फोडल्या होत्या असं कबूल करून आले. शेजारीण म्हणाली, मला वाटलं मांजर. आजोबा म्हणाले, मांजराला काही होणार नाही, माझं काय?

शुक्रवारी बाई सभेहून परतल्या, फाटकाशी स्कूटर थांबवली, पाटी वाचली, मोकळा रस्ता बघितला, आणि पोट धरून हसल्या. मग तशाच स्कूटर वळवून पेंटरच्या घरी.

पेंटर मागच्या खोलीत ब्रश धूत होता. स्वच्छ ब्रश. तिसऱ्यांदा.

"पेंटर!" बाई दारातनंच. "अहो, इतकी वर्षं मी जे करू शकले नाही ते तुमच्या एका ओळीनं केलं. पण बाकीच्या तीन ओळी कधी? लोकांना वाटतंय देवानं सायकलींवर राग काढलाय."

पेंटर हसला नाही. बाईंनी चष्मा वर ढकलला, एक डबा उपडा केला आणि त्यावर बसल्या.

"काय झालं?"

मग त्यानं सांगितलं. सगळं. ग्लास कसा धरला होता तेसुद्धा. बायको दाराआड उभी होती, तिनं तोंडावर पदर धरला. तिलाही तो दिवस आठवला, तीही हसली होती त्या दिवशी.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "शास्त्रात हे कोणाला उद्देशून म्हटलंय माहीत आहे?"

"मला."

"गप बसा. प्रभूच्या काळची माणसं होती ती, धर्म शिकलेली, मानाची. त्यांच्या डोळ्यांदेखत प्रभूनं एका आंधळ्या-मुक्याला बरं केलं. त्यांना चांगलं ठाऊक होतं हे कोणाचं काम ते. तरी म्हणाले, सैतानाचं आहे. का, तर मान्य केलं असतं तर स्वतःला वाकावं लागलं असतं. ते काही चुकून बोलले नाहीत, आणि बोलल्यावर त्यांची झोपही उडाली नाही. घरी जाऊन जेवले असतील व्यवस्थित. तुम्ही मंगळवारपासून किती जेवलात?"

"हे कसलं जेवतायत," दाराआडनं आवाज आला. "भाकरी चिवडतात नुसती."

"मला सांगा, ज्याच्यावर पवित्र आत्म्यानं कायमचं दार लावलं, त्याला पाच वर्षांनी दारू सोडवून, कानाला धरून चर्चमध्ये कोणी आणून बसवलं? मी? मी तर तुमच्या घरी एकदाही आले नव्हते."

पेंटरनं ब्रश पुसला. "बाई, राग मानू नका. पण तुम्ही पाळक. तुम्ही असंच म्हणणार. डॉक्टर पण म्हणतो, काही होत नाही."

बाईंना राग आला नाही, पण त्या उठल्या. "मग माझं नका ऐकू. ज्याच्याबद्दल बोललात त्याला जाऊन विचारा. ते काम त्याच्यात झालं होतं, माझ्यात नाही."

"ती ओळ पुसून टाकू का, बाई? दुसरं काहीतरी लिहू. सोपं."

"नाही," बाई म्हणाल्या. "ओळ राहील. ती खरी आहे, आणि कोणाला तरी ती लागूही पडत असेल. पण ज्याला पडते ना, तो ती वाचून ब्रश धूत बसत नाही. शीळ घालत पुढं जातो."

बाई गेल्या. सकाळी बायकोनं फक्त पेंटरच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या, बेकरीच्या दिशेला तोंड करून.

बाटली आता बेकरीत कामाला होता. लोक अजून बाटलीच म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. पेंटर गेला तेव्हा तो कोपरापर्यंत पिठात बुडालेला, भला मोठा गोळा मळत होता. भट्टीची धग, पांढऱ्या भिंती, पांढरी टोपी, पांढऱ्या भुवया.

"दाजी! या या. पाठ कशी आहे? का कंबर?"

घरातली बातमी भट्टीपर्यंत आली होती म्हणजे.

पेंटर उभाच राहिला. "आईंकडे मी एकदा बोललो होतो तुला. जेवायला बसलो होतो सगळे."

"सैतानाला कंटाळा आला असेल, ते?" बाटली मळता मळता म्हणाला.

"आठवतंय तुला?"

"न आठवायला काय झालं? तीन लग्नांत ऐकलाय मी तो. दुसऱ्या लग्नात तुम्ही जरा जास्त रंगवून सांगितला होता."

"तुला काय वाटलं रे तेव्हा?"

बाटलीनं गोळा उचलून फळीवर आपटला. पिठाचा ढग उडाला. "खरं सांगू? आधी वाटलं, हे ताट तुमच्या डोक्यात घालावं. मग बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. तेव्हा आठवलं की प्रभूलासुद्धा लोक हेच म्हणाले होते. सैतानाच्या जोरावर करतो म्हणाले. म्हटलं, वा, दोन महिने झाले नाहीत दारू सोडून आणि थेट त्यांच्या पंगतीत बसवलं आपल्याला! मान वाढला की माझा."

पेंटरनं तोंडावर उडालेलं पीठ पुसलं.

"आणि मग मी तिथंच, नळापाशी, तुमच्यासाठी प्रार्थना केली. म्हटलं देवा, ज्याला दाजी सैतान म्हणतायत ना, त्याच्याच हाती दाजींना दे. मला सोडवलं तसं यांनाही सोडव. त्या दिवसापासून रोज. पाच वर्षं. कधी कधी कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. ताईचा चेहरा बघितला की परत सुरू करायचो."

"पाच वर्षं?"

"मग? तुम्ही काय आपल्या पायांनी आलात असं वाटत होतं का?" बाटली आता हात थांबवून त्याच्याकडे वळला. "आता मला सांगा दाजी. तुम्हाला क्षमाच नव्हती, तर देवानं मला पहिल्याच दिवशी नसतं का सांगितलं, बाबा रे, त्या माणसावर वेळ घालवू नको, तो गेला? पाच वर्षं माझं तोंड कशाला दुखवलं? आणि वर ऐकलं कशाला?"

पेंटर भट्टीकडे तोंड करून उभा राहिला, धगीनं डोळ्यांत पाणी येतंय असं दाखवायला. बाटली हुशार, त्यानं तसं दिसू दिलं.

मग पेंटर म्हणाला, "मला माफ कर. त्या दिवसाचं. आणि त्या तीन लग्नांचं."

"बारसं राहिलं."

"बारशाचंपण."

"केलं. तेव्हाच केलं होतं, नळापाशी. आता सरका, पीठ फुगतंय. आणि उद्या त्या पोरीला नीट धरा. तुमचे व्याही आत्ताच शेजारच्या फोटोवाल्याला सांगून गेलेत, मला मधोमध घे म्हणून."

एवढं ऐकलं आणि पेंटर निघाला. थेट घरी, शिडी, डबे, काठी, आणि फाटक.

शनिवारची दुपार. तिसरी ओळ लिहिली. मग खिशातला कागद काढला आणि जे मंगळवारी करायचं राहिलं होतं ते केलं. वरच्या दोन ओळी वाचल्या. सावकाश, बोट ठेवून. "सगळ्याची क्षमा होईल." आणि तिच्याखाली, "प्रत्येक पापाची, प्रत्येक वाईट बोलाची."

तो शिडीवरच बसला. चार दिवस हा कागद त्याच्याच खिशात होता.

समोरचा चष्मेवाला सायकल हातात धरून लांबून बघत होता. "काय पेंटर, अजून काय मनाई येतेय? उभं राहिलेलं तरी चालतं का?"

"अहो, ते सायकलीबद्दल नाहीच," पेंटर म्हणाला. "वरचं लिहायचं राहिलं होतं. तुम्ही खालचं तेवढं वाचलंत आणि पळालात."

बोलला, आणि स्वतःच थबकला. मग मोठ्यानं हसला. इतका की शिडी हलली. चष्मेवाल्याला वाटलं पेंटरला ऊन लागलं.

मग दुसरी ओळ. आणि शेवटी पहिली. ती सगळ्यात आखूड. तीनच शब्द. उस्तादाचा नियम, आखूड ओळ दोन्ही कडांपर्यंत ताणायची. आता तीन शब्द एवढ्या रुंद पाटीवर ताणायचे म्हणजे अक्षरं केवढी होणार? लहान ब्रश पुरेना, भिंतीचा ब्रश घ्यावा लागला. "क्ष" एवढा झाला की त्याच्या पोटात मांजर झोपेल. तुम्ही मघाशी जे हत्तीएवढं म्हणत होतात ना मनात, ते हे. त्यात पेंटरनं स्वतःचं काही घातलं नाही. पद्धतच तशी होती, लांब ओळ आधी आणि आखूड ओळ मोठी.

दहा पावलं मागं गेला. एक डोळा मिटला. मग तोही उघडला, आणि वरपासून खालपर्यंत वाचली. शेवटची ओळ होती तिथंच होती, तेवढीच काळजात टोचणारी. फक्त आता ती एकटी नव्हती.

बाई फाटकात येऊन उभ्या राहिल्या. पाटी बघितली. "वरचं फार मोठं नाही झालं?"

"मापात आहे, बाई," पेंटर म्हणाला.

रविवारी चर्च भरलेलं. व्याही पहिल्या रांगेत, कोट घालून, हात पुढं करून तयार. लेकीनं बाळ उचललं, बापाकडे बघितलं. पेंटर उठला, व्याह्याच्या पायावर पाय देऊन पुढं गेला, आणि दोन्ही हात पुढं केले. बाळ देताना लेकीनं त्याच्या हाताला एक चिमटा काढला, चांगला जोरात. पाठीचा हिशोब तिथं संपला.

बाईंनी विचारलं. पेंटरनं ते वाक्य म्हटलं. आरशासमोर घोकलेलं अर्धं विसरला, "माझा विश्वास आहे" एवढंच नीट आलं, पुढचं बायकोनं मागनं ओरडून सांगितलं. पाणी पडल्यावर बाळ असं किंचाळलं की मागच्या बाकावर बाटली खुदकन हसला.

आणि परत येताना लेकीनं बघितलं तर झबल्यावर, बरोब्बर छातीवर, निळा अंगठा उमटलेला.

"बाबा! हात धुतले नव्हते?"

"तीनदा धुतले गं!"

"कान बघ त्यांचा," बायको म्हणाली, "कानाला हात लावला असेल."

ते झबलं अजून आहे त्यांच्याकडे. धुतलं, उकळलं, तो डाग काही जात नाही, आणि आता कोणी घालवायचा प्रयत्नही करत नाही. पाटीही तशीच राहिली. तीन-चार महिन्यांनी बदलायची होती, पण लोक एकेक करून बाईंकडे येऊन बसायला लागले, कोणी असं बोललेलं, कोणी तसं. बाई म्हणाल्या, राहू दे पेंटर, अजून बरेच जण यायचेत.

तर अशी ती पाटी. वाचलीत ना आता वरपासून? छान. मग उठता उठता माझं एक काम करा. ती फाटकासमोरची निळी सायकल तुमचीच ना? तेवढी जरा बाजूला घ्या. क्षमा सगळ्याची आहे हो, पण ती बघा पेंटरची लेक पोरीला कडेवर घेऊन येतेय, तिला आत जायला वाट द्या.